आमच्या वाट्याची वाट

मे महिन्यातली रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर सातारा जिल्ह्याचा नकाशा पसरला होता आणि त्याच्या कोयनेकडच्या कोपऱ्यावर आमटीचे पातेले बसले होते. वाद चालू होता तो एका वाटेवरून. आमच्या थोरल्याची दहावी संपली होती, निकालही बरा लागला होता. पण बक्षीस म्हणून त्याने सायकल मागितली नाही की मोबाइल मागितला नाही. 'सगळ्यांनी मिळून पाठीवर सामान घेऊन चालत जायचं, निदान दोन दिवस,' एवढीच त्याची मागणी. ती स्वस्त वाटली म्हणून आम्ही होकार देऊन बसलो. किती महाग होती ते नकाशा उघडल्यावर कळले.

कारण 'सगळ्यांनी' या शब्दात घरातली पाच माणसे येत होती. थोरला स्वतः, ज्याला सह्याद्री ही आपली खाजगी मालमत्ता वाटते. धाकटी दहा वर्षांची. ती कितीही चालते आणि मग एकाएकी अजिबात चालत नाही. आमचे 'हे', ज्यांचे चालणे सांगलीच्या आमराईतल्या रविवारच्या फेरीपुरते. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे जगातल्या सगळ्या वाटा फळ्यावरच चाललेली. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा. डॉक्टरांनी त्यांच्याबद्दल एकच वाक्य सांगून ठेवले होते : 'सपाटीवर चालू द्या, चढउतार नको.'

थोरल्याने महाबळेश्वरपासून दक्षिणेला डोंगराच्या धारेधारेने चांदोलीपर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढली होती. रेघ सुंदर होती यात शंकाच नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना पश्चिमेकडून बांधून ठेवणारी ती कडाच आहे. पण नकाशावरची रेघ आणि पायाखालची वाट यांत फरक असतो. कोयनेचे अभयारण्य १९८५ साली झाले, चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ मध्ये मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. तेव्हापासून त्या रानात मनाला येईल तिथे तंबू ठोकायची सोय उरलेली नाही. वासोट्याला जायचे तर बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि अंधाराच्या आत परतायचे. पावसाळ्यात तर तीही वाट बंद. आणि आमच्या सगळ्यांच्या रजा जुळत होत्या त्या नेमक्या जूनअखेरीला.

'मग काय, आत्यांना घरी ठेवून आपण चौघंच जाऊ,' असे कोणीही म्हणाले नाही. पण ते वाक्य टेबलावर आमटीच्या पातेल्याशेजारी येऊन बसले होते, हे सगळ्यांना दिसत होते. आत्यांना सगळ्यांच्या आधी दिसले असावे. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'एवढा डोंगर कशाला शोधताय? माउली लोनंदला यायला महिना बी न्हाई ऱ्हायला.'

लोणंदच्या पुढे

आत्यांचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. त्यांचे वडील दरवर्षी सालपे घाट उतरून लोणंदला पालखीच्या दर्शनाला जात आणि लहानग्या लेकीला बरोबर नेत. कांद्याच्या बाजारपेठेचे ते गाव त्या दिवसांत माणसांनी भरून जाई. दर्शन झाले की दुसऱ्या दिवशी परत. कारण पेरणी तोंडावर आलेली. पालखी पूर्वेला तरडगावकडे वळायची आणि बाप-लेक दक्षिणेला घाटाकडे. पुढे लग्न होऊन त्या वाळव्याकडे आल्या, मग सांगलीत. 'समदी म्होरं जायची अन् आमी म्हागारी,' त्या म्हणाल्या. 'लोनंदच्या म्होरं म्या पायी कवा गेलीच न्हाई.'

पंचवीस वर्षे मी या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात वावरले आहे. हे वाक्य मी कधीच ऐकले नव्हते. ऐकले नव्हते की विचारले नव्हते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

थोरल्याला वाटले, आपला बेत म्हातारीने पळवला. मला वेगळीच अडचण वाटत होती. वारी म्हणजे आळंदीहून पंढरपूरपर्यंत, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. त्यातले दोनच दिवस उचलून चालायचे म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत शिरून नुसता गोडाचा पदार्थ खाण्यासारखे नाही का? हौशी पाहुणे म्हणून जायला मन घेईना.

पण जगभरच्या लांब वाटांचा इतिहास पाहिला तर तुकड्यातुकड्याने चालणारी माणसे सगळीकडे आहेत. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. १९४८ साली अर्ल शॅफर हा माणूस ती एका दमात चालून गेला; पण वर्षाला एक-एक तुकडा चालून पुरी करणारेही पुष्कळ. स्पेनमध्ये सांतियागोची यात्रा आहे. तिथे शेवटचे निदान शंभर किलोमीटर पायी चालल्याशिवाय यात्रेचे प्रमाणपत्र मिळत नाही; म्हणून शंभराच्या जरा पलीकडे असलेल्या सारिया गावातून निघणाऱ्यांची रीघ लागते. आपल्याकडे प्रमाणपत्र नाही आणि मोजणाराही नाही. वाटेवरच्या गावची माणसे वेशीपासून वेशीपर्यंत चालतात, कोणी नुसते पाणी देतात, कोणी पाय चेपून देतात. ती सगळी वारीतच धरली जातात.

शिवाय आपण सांगली-साताऱ्याची माणसे या वाटेला परकी कुठे आहोत? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले ते हैबतबाबांनी, आणि ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. त्यांना साथ दिली अंकलीच्या शितोळे सरदारांनी. आजही माउलींचे अश्व अंकलीहून पायी निघतात. मिरज-सांगलीकडून, पुढे सातारा जिल्ह्यातून आळंदीला पोहोचतात. तीनशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट, वारी सुरू व्हायच्या आधीची. म्हणजे आमच्या दारावरून दरवर्षी वारी जात होतीच. आम्हीच रविवारच्या वर्तमानपत्रात डोके घालून बसलो होतो.

तुकडा कसा निवडला

मग मी फळ्यावर लिहावे तसे एकेक मुक्काम कागदावर मांडले. आळंदी-पुणे : गर्दी अफाट, लहान मूल हरवण्याची भीती. पुणे-सासवड : तीस किलोमीटरच्या वर आणि मध्ये दिवे घाटाचा चढ, देखणा, पण आत्यांच्या गुडघ्याने नापास केला. वाल्हे-लोणंद : नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालतात, पालखी पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरते, मोह पडावा असा, पण वीस किलोमीटर आणि पहिलाच दिवस. शेवटचा वाखरी-पंढरपूर : अंतर थोडे, पण साऱ्या पालख्या एकत्र आलेल्या, लाखोंचा समुदाय.

राहिला लोणंद-तरडगाव. सगळ्या मार्गावरचा हा लहान टप्पा, आठच किलोमीटर. लोणंदला पूर्वी अडीच दिवस मुक्काम असे, आता तिथीप्रमाणे एक किंवा दोन. पालखी तिथून दुपारी निघते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. जमीन सपाट. पाऊसही बेताचा, एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि फलटणच्या बाजूला पाचशेच्या आसपास. ढग डोंगरावरच रिकामे होतात आणि इकडे कोरडे येतात. हा पर्जन्यछायेचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. त्याचा संसारात उपयोग प्रथमच झाला. दुसऱ्या दिवशीचा तरडगाव-फलटण हा टप्पा मात्र वीस-एकवीस किलोमीटरचा. तो थोरल्यासाठी. आत्यांनी त्यातले झेपेल तेवढे चालायचे आणि मग 'ह्यां'च्याबरोबर एसटीने पुढे जायचे, असे ठरले.

जाण्या-येण्याचीही सोय होती. सांगलीहून पुण्याकडे जाणारी रेल्वे वाठार, आदर्की, सालपे करत लोणंदला येते. फलटणहून साताऱ्याला एसटी आहेच. शिवाय २०१९ पासून लोणंद-फलटण रेल्वेमार्गही सुरू झाला आहे. कुटुंबाला घेऊन चालायचे तर वाट निवडताना आधी तिची दोन टोके पाहावीत, मधली शोभा नंतर. हे शहाणपण मला तेव्हाच सुचले, असे मी सगळ्यांना सांगत सुटले. ते अर्धेच शहाणपण होते, हे पुढे कळले.

निघायच्या आदल्या रात्री वाण्याकडून काटा आणून पिशव्या तोलल्या. थोरल्याची अकरा किलो : तंबू, स्टोव्ह, दोरखंड, दोन विजेऱ्या. माझी सात. 'ह्यां'ची सहा, त्यात दीड किलो चिवडा. धाकटीची दोन. आत्यांची कापडी पिशवी सव्वा किलो : एक लुगडे, टॉवेल, तांब्या, गुडघ्याचे मलम आणि फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी. थोरला हसला. आत्या म्हणाल्या, 'वझं घिऊन चालायचं का वझं टाकून, ते तुझं तू ठरीव.'

चांदोबाचा लिंब

लोणंदला उतरलो तेव्हा ऊन कडक होते. पालखीबरोबर निघालो तर दाटीत सापडू, म्हणून थोडे आधीच, पुढे निघालेल्या माणसांबरोबर चालू लागलो. गावाबाहेर आल्यावर आत्या क्षणभर थांबल्या. ज्या बाजूला घाट, तिकडे एकदा पाहिले आणि मग पूर्वेकडे तोंड करून चालू लागल्या. कोणी काही बोलले नाही. धाकटीने मात्र त्यांचा हात धरला.

त्यांचा वेग ताशी दोन किलोमीटरही नव्हता. थोरला शंभर पावले पुढे जायचा, थांबायचा, चिडायचा, पुन्हा पुढे जायचा. एका दिंडीतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याने त्याला पाहिले आणि म्हणाला, 'माउली, म्हाताऱ्या मानसाच्या म्हागं चालावं. म्होरं चाललं की दम आपल्यालाच लागतो.' पोराने ते ऐकले. मी सोळा वर्षे हेच सांगत होते. पण आईचे ऐकायला आई अनोळखी असावी लागते.

रस्ता आता मोठा झाला आहे. पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. रुंदीकरणाने चालायला जागा मिळाली, पण जुन्या झाडांची सावली गेली. डांबर तापले की अनवाणी चालणाऱ्यांचे हाल कसे होत असतील ते आमच्या बुटांतल्या पायांनाही कळत होते. तरी आत्यांसारख्यांना रुंद, सपाट रस्ता सोयीचा पडला हेही खरेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

चांदोबाच्या लिंबाशी पोहोचलो तेव्हा माणसांच्या भिंती उभ्या राहू लागल्या होत्या. मध्ये मोकळी पट्टी. टाळांचा आवाज एकदम वाढला आणि दोन अश्व त्या पट्टीतून गेले. एकावर स्वार, दुसऱ्यावर कोणीच नाही. तो माउलींचा. सगळे मिळून काही क्षणांचे काम. अश्व गेल्यावर माणसे वाकली, टापांखालची माती कपाळाला लावू लागली. आत्यांना वाकता येईना. थोरला वाकला, चिमूटभर माती उचलून त्याने आजीच्या कपाळाला लावली आणि मग, जरा इकडेतिकडे बघून, स्वतःच्याही.

संध्याकाळी तरडगावात समाजआरती झाली. चोपदाराने चोप उंच धरला आणि एवढा जनसागर पाहता पाहता गप्प झाला. त्या शांततेत दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. पाचशे मुले शांत बसवताना माझा घसा बसतो. तिथे एका काठीने ते काम झाले. रात्री एका घराच्या ओसरीवर जागा मिळाली. घरच्या बाईने पिठले-भाकरी वाढली, पैशाचे नाव काढल्यावर रागावली. अकरा किलोतला तंबू पिशवीतून बाहेरच आला नाही.

निंभोऱ्याच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. काळज गेले, सुरवडी आली. नीरेच्या कालव्याने भिजलेला ऊस दोन्ही बाजूंना, वरून ढगांची सावली. आत्या उत्साहात होत्या. 'एसटी नको, चालते की' म्हणत राहिल्या आणि मीही त्यांच्या उत्साहाला भुलले. निंभोऱ्याच्या अलीकडे त्या रस्त्याच्या कडेला बसल्या आणि त्यांचा गुडघा पुन्हा उठू देईना. हातभर सुजला होता.

आणि तेव्हा आमच्या अर्धवट शहाणपणाचे बिंग फुटले. पालखीच्या दिवशी त्या मार्गावर नेहमीची वाहतूक बंद असते. एसटी नाही, वडाप नाही, रिक्षा नाही. मी टोके पाहिली होती, पण मधून बाहेर पडायची वाट पाहिलीच नव्हती. ही चूक सर्वस्वी आमची. पालखी मार्गावरून पालखी जाणार, हे कोणी सांगायला हवे होते का? म्हातारे माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल त्याने, माझे ऐकायचे तर, दर तीन-चार किलोमीटरवर पालखीमार्ग सोडून जाणारा आडरस्ता कोणता, हे आधी विचारून ठेवावे. ते नसेल तर वाट कितीही सपाट असो, ती अवघडच.

'ह्यां'चा चेहरा उतरला. धाकटी रडू लागली. आत्यांच्या चेहऱ्यावर मात्र दुखण्यापेक्षा लाज होती. 'तुमच्या वाटंत मी धोंड झाले,' त्या म्हणाल्या. ते मेमधले न बोललेले वाक्य इथवर आमच्याबरोबर चालत आले होते तर!

शेवटी एका दिंडीने सोडवले. प्रत्येक दिंडीचा सामानाचा ट्रक असतो. ते ट्रक पुढे जाऊन मुक्कामाची तयारी करतात. मागे पडलेला असा एक ट्रक हळूहळू येत होता. दिंडीतल्या बायकांनी तो थांबवला आणि वळकट्यांच्या ढिगावर आत्यांना बसवले. 'ह्यां'ना मात्र नकार. 'तुमी धडधाकट हाय, चाला.' थोरल्याची अकरा किलोची पिशवीही एका बाईने हिसकावून ट्रकात टाकली. ट्रक निघाला तेव्हा आत्या मागे तोंड करून बसल्या होत्या, पोत्यांच्या राशीवर एखाद्या पाटलिणीसारख्या. हात हलवत दिसेनाशा झाल्या.

उरलेली वाट आम्ही जवळजवळ मुक्याने चाललो. वडजल गेले. फलटणच्या विमानतळावर तळ पडला होता. तंबूंच्या त्या गावात त्या दिंडीचा क्रमांक शोधत दीड तास फिरलो. सापडल्या तेव्हा आत्या पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्याला मलम लावलेले, पुढ्यात पातीच्या कांद्याचा ढीग, आणि भोवतालच्या बायकांशी माहेरच्या गप्पा रंगलेल्या. कोणीतरी त्यांना चहा दिला होता आणि त्या बदल्यात त्या भाजी निवडत होत्या. मेमधल्या त्या दुपारी निवडत होत्या तशीच.

दुसऱ्या दिवशी फलटणहून साताऱ्याच्या एसटीत बसलो. थोरल्याने नकाशा काढला. मला वाटले, आता पुन्हा डोंगराची रेघ. पण तो आजीशेजारी जाऊन बसला आणि फलटण, बरड, नातेपुते असे बोटाने दाखवू लागला. त्याचा हिशेब असा : फलटणच्या पुढे पंढरपूरपर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटर राहिले. आजीला झेपेल असे वर्षाला वीस धरले, मधल्या प्रत्येक आडरस्त्यावर आधी खूण करून ठेवली, आणि अवघड जागी ट्रकाची सोय लावली, तर सहा वर्षे.

आत्यांनी बोटांवर मोजले. 'म्हंजी ऐंशीला पोचंन,' त्या म्हणाल्या. मग खिडकीतून बाहेर बघत जरा वेळाने, 'गुडघ्याचं म्हाईत न्हाई. पर एक चांगली काठी बगून ठेवा.'

काठी आणली आहे. दाराशी कोपऱ्यात उभी आहे.